जुना रस्तेनकाशा लॅमिनेट करण्याआधी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नकाशांनी घर सजवण्याबद्दल लेख आला होता. छायाचित्रे देखणी होती आणि लेखामुळे चार लोक नकाशांकडे वळतील, हे चांगलेच आहे. पण 'नकाशा आधी लॅमिनेट करून घ्यावा, मग फ्रेम करावा' हा त्यातला सल्ला कुणी पाळला, तर तो नकाशा तिथेच संपला असे समजावे. लेखात किमतींची चर्चा भरपूर होती, पण नकाशा किती जुना आहे हे ओळखायचे कसे, याबद्दल एक ओळही नव्हती. प्रवासी नकाशे आणि रस्त्यांचे अॅटलास जमवणाऱ्याला आधी लागते ते हेच. म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहे.

आधी लॅमिनेशन. झेरॉक्सच्या दुकानात जे होते त्यात दोन प्लॅस्टिकच्या थरांमधला गोंद शंभर अंशांच्या वर तापवून वितळवतात आणि तो कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो. तो परत निघत नाही. थर सोलायला गेलात तर छपाईसकट कागदाचा पृष्ठभाग निघून येतो. आतल्या कागदात आम्ल असेल, आणि १८५० नंतरच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात ते बहुधा असतेच, तर तो प्लॅस्टिकच्या आत तसाच पिवळा आणि ठिसूळ होत राहतो, फक्त आता त्यावर कुणालाही उपचार करता येत नाहीत. 'सरकारी अभिलेखागारातसुद्धा लॅमिनेशन करत होते' असे यावर हमखास ऐकवले जाते. खरे आहे, पण ते वेगळे. राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज अॅसिटेटची पातळ फिल्म, टिश्यू कागद आणि अॅसिटोनचा बोळा एवढ्यावर, उष्णता न देता, हाताने ते काम होत असे आणि अॅसिटोननेच ते बऱ्याच अंशी सोडवताही येई. आता तीही पद्धत फारशी कुणी वापरत नाही. दुकानातल्या गरम रोलरचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता नकाशांकडे. लेखातल्या एका छायाचित्रात कागदाच्या गुंडाळ्या शेजारी शेजारी उलगडून ठेवल्यासारखा उभ्या पट्ट्यांचा नकाशा होता. तो प्रकार सतराव्या शतकातल्या लंडनच्या जॉन ओगिल्बी या नकाशा-प्रकाशकाचा. त्याचे 'ब्रिटानिया' १६७५ साली लंडनमध्ये निघाले. त्यात इंग्लंड-वेल्सच्या रस्त्यांची १०० पाने आहेत. रस्ते चाकाच्या मोजणीयंत्राने मोजलेले, आणि मैल सगळीकडे एकच, १७६० यार्डांचा. त्याआधी तिथले मैलही आपल्या कोसांसारखेच प्रांताप्रांतात लहानमोठे होत. लोकांच्या तोंडी असलेले अंतर आणि चाकाने मोजलेले अंतर यांतला फरक ओगिल्बीने मुद्दाम दाखवला, आणि मोजलेले अंतर जवळपास नेहमीच जास्त भरले.

हे पान वाचायची रीत माहीत नसेल तर ते नुसतेच शोभेचे राहते. सुरुवात डावीकडच्या पट्टीच्या तळापासून करायची, वर जायचे आणि पट्टी संपली की शेजारच्या पट्टीच्या तळाशी यायचे. रस्ता नेहमी वरच जातो, त्यामुळे उत्तर दिशा प्रत्येक पट्टीत निराळी असते. म्हणून दर पट्टीत होकायंत्राचे फूल काढलेले आहे. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण वा भिंत असेल तर कडा अखंड रेषेच्या, मोकळा माळ असेल तर तुटक. मैलाला आकडा आणि मधल्या फर्लांगांना (मैलाच्या आठव्या भागांना) ठिपके. टेकडी सरळ काढलेली असेल तर चढ, उलटी काढलेली असेल तर उतार. फ्रेम करणारे पुष्कळदा त्या उलट्या टेकड्या बघून पान उलटे तर लावले नाही ना, अशा शंकेत पडतात.

ओगिल्बीचे मोठे पुस्तक घोड्यावरून नेण्याजोगे नव्हते. खिशात मावतील अशा त्याच्या नकला निघायला मात्र चाळीसेक वर्षे गेली, आणि मग एकदम तीन निघाल्या: १७१९ मध्ये गार्डनरची आणि सेनेक्सची, १७२० मध्ये इमॅन्युएल बोवेनने कोरलेली 'ब्रिटानिया डेपिक्टा'. ही शेवटची अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली, म्हणून आज तिचीच सुटी पाने बाजारात सर्वाधिक दिसतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असे मला वाटते. पान लहान आहे, रस्त्याच्या भोवती गावांची माहिती आणि मानचिन्हांच्या ढाली कोरलेल्या आहेत, आणि ओगिल्बीच्या पानाच्या मानाने ते स्वस्त मिळते. मात्र एक विसरू नये: या तिन्ही पुस्तकांतली मोजणी ओगिल्बीचीच आहे. पान १७३० चे असले तरी त्यातला रस्ता १६७० च्या दशकातला. नकाशाच्या छपाईचे साल आणि पाहणीचे साल एक धरून चालणे ही या छंदातली सर्वांत मोठी गफलत, आणि ती विकणाराही करतो.

ताजी मोजणी नंतर इंग्लिश नकाशाकार जॉन कॅरीने केली. १७९४ पासून टपाल खात्यासाठी त्याने सुमारे ९,००० मैल रस्ते मोजून घेतले आणि १७९८ मध्ये त्यावर आपले मार्गपुस्तक, म्हणजे गावागावांतली अंतरे देणारे पुस्तक, काढले. त्या मार्गपुस्तकांवरून झालेले खटले वकील मंडळींना ठाऊक असतील. पॅटर्सन या आधीच्या मार्गपुस्तककाराचे पुस्तक कॅरीने किती उचलले, कॅरीचे कीअर्स्ली नावाच्या प्रकाशकाने किती उचलले, असे वाद थेट न्यायालयात गेले, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातला किती भाग रास्तपणे वापरता येतो या कायद्याची घडण त्यांतून काही अंशी झाली. स्कॉटलंडसाठी टेलर आणि स्किनर यांचे १७७६ चे पुस्तक आहे, अमेरिकेसाठी क्रिस्टोफर कॉलिसचे १७८९ चे. कॉलिसच्या पुस्तकाला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत, त्यामुळे ते दुर्मीळ. ते मिळण्याची आशा धरू नये.

आता अस्सल-नक्कल. यासाठी लागतात एक दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची एक मोजपट्टी आणि खिडकीचा उजेड. एवढ्यात नव्वद टक्के काम होते.

ओगिल्बीच्या पानाला आधी मोजपट्टी लावा. त्याचे प्रमाण एका मैलाला एक इंच आहे. लागोपाठच्या दोन मैलांच्या आकड्यांमधले अंतर रस्त्याच्या वळणावळणाने मोजले तर ते २५ मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. कागद आटल्याने एक-दोन टक्के कमी भरेल, ते चालते. १७-१८ मिलिमीटर भरले तर ती लहान केलेली प्रतिकृती. लंडनमध्ये १९३९ साली अशी एक आकाराने लहान प्रतिकृती निघाली, तिची पाने आज जुनाट पिवळी दिसतात आणि 'अस्सल' म्हणून फिरतात. १९७० च्या सुमारास मूळ आकाराच्या प्रतिकृतीही निघाल्या. त्यांना मोजपट्टीची परीक्षा लागू पडत नाही, तिथे कागद बघावा.

कागद उजेडासमोर धरा. सतराव्या शतकातला कागद तारांच्या चाळणीवर हाताने बनवलेला, त्यामुळे त्यात साधारण दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर ठळक उभ्या रेषा आणि त्यांना काटकोनात अगदी बारीक दाट रेषा दिसतात. रेषा अजिबात नाहीत, कागद दुधासारखा एकसारखा आहे, तर तो विणलेल्या जाळीवरचा कागद. इंग्लंडमध्ये तो १७५७ च्या सुमाराला आला आणि शतकाच्या शेवटी रुळला. म्हणजे अशा कागदावरचे पान १६७५ चे किंवा १७२० चे असणे शक्य नाही. १७९४ पासून इंग्लिश कागदाच्या जलचिन्हात, म्हणजे उजेडात दिसणाऱ्या कागदातल्या खुणेत, पुष्कळदा सालही येते. कॅरीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक साल आणि कागदात त्याच्या नंतरचे साल असे आढळले तर ते पुस्तक छपाईच्या जुन्या पत्र्यांवरून पुढे केव्हातरी छापलेले. फसवणूक म्हणायचे कारण नाही, पण किंमत तशी द्यावी.

मग भिंग. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेषा टोकाला निमुळती होत जाते आणि काठ स्वच्छ असतो. शाई कागदाच्या किंचित वर उभी असते, बोटाच्या टोकाला लागते. पत्रा दाबून छापल्यामुळे नकाशाच्या बाहेर चारी बाजूंनी दबलेल्या चौकटीची कड दिसते. मात्र कडेचे समास कापलेले असतील तर तीही गेलेली असते, आणि हल्ली ती कड कोऱ्या पत्र्याने दाबून नकलीवरही उठवतात. म्हणून एकट्या कडेवर विसंबू नये. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट छपाई, तिथेच थांबावे. रेषा सपाट, टोके बोथट आणि शाईला उठावच नाही, तर शिळाछाप. शिळाछाप अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस निघाली, त्यामुळे त्याआधीच्या सालाचा नकाशा शिळाछापात असेल तर तो नंतरचा.

रंगाने सर्वांत जास्त लोक फसतात. ओगिल्बीची पाने साधारणपणे बिनरंगी विकली जात. आज रंगीत दिसणारी बहुतेक गेल्या शे-सव्वाशे वर्षांत, भिंतीवर शोभावीत म्हणून रंगवलेली आहेत. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला असे. तो कागद जाळतो, त्यामुळे पानाच्या मागे त्याच जागी तपकिरी छाया उतरते आणि कधी तिथे कागद तडकतो. हिरवा ताजातवाना आणि पाठ कोरी असेल तर रंग नवा. फाटलेल्या जागी, घडीच्या चिरेत किंवा तांबूस डागाच्या वर रंग गेलेला असेल तर दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही. माझ्या मते बिनरंगी पान नेहमी चांगले. रंगवलेल्या पानासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे रंगाऱ्याची मजुरी आपण देणे.

'ब्रिटानिया डेपिक्टा'चे पान दोन्ही बाजूंना छापलेले असते. मागे कोरे असेल तर ती प्रतिकृती समजावी, नाहीतर पान कशावर तरी चिकटवलेले आहे. फ्रेम करायचीच तर दोन्ही बाजूंना काच आणि दोन्ही बाजूंना खिडकी कापलेला माउंट (कागदाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्यावा.

सुट्या पानांबद्दल माझे मत कडक आहे. पूर्ण पुस्तक फोडून त्याची पाने विकणे हा धंदा आहे आणि तो नफ्याचा आहे, कारण पानांची बेरीज पुस्तकापेक्षा जास्त होते. जी पुस्तके शंभर वर्षांपूर्वीच फुटली त्यांची पाने घ्यायला हरकत नाही. विकणाऱ्याकडे एकाच पुस्तकाची लागोपाठची पाने, ताज्या कापलेल्या कडेची, रांगेने मांडलेली असतील तर मात्र घेऊ नये. बांधलेला अॅटलास घ्यायचा असेल तर सूचीशी पडताळून प्रत्येक पान मोजावे. पाने निरनिराळ्या आवृत्त्यांतून आणून एक पुस्तक 'पूर्ण' केले जाते, हेही नेहमीचे. त्याची खूण म्हणजे कसरीची भोके. कीड एका पानातून दुसऱ्यात सरळ जाते. ४० व्या पानावर भोक आहे, ४१ वर नाही आणि ४२ वर पुन्हा आहे, तर ४१ वे पान बाहेरून आलेले आहे. आपल्याकडे कसरीची कमतरता नसल्याने ही परीक्षा फार उपयोगी पडते.

घोडागाडीतून नेण्याचे मोठे नकाशे निराळ्या जातीचे. नकाशा घड्यांनुसार १६, २४, ३२ अशा आयतांत कापून तलम कापडावर दोन-तीन मिलिमीटरच्या फटी ठेवून चिकटवत आणि पुठ्ठ्याच्या पेटीत घालत. लेखात अशा नकाशाला 'तुकडे झालेला, दुरुस्त केलेला' म्हटले आहे. तो मुळात दुकानातूनच असा विकला गेला होता. घडी कागदावर पडू नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि दोनशे वर्षांनी कागद शाबूत राहतो तो त्यामुळेच. कापड काढून तुकडे जोडून घेणे हा गुन्हा समजावा. कापडाच्या पाठीवर दुकानदाराची चिठ्ठी असते, तिच्यावरच्या पत्त्यावरून साल काढता येते. मूळ पेटी असेल तर तिच्यासाठी जास्त पैसे द्यावेत, भले ती मोडकी असो.

आता आपल्या मुलखाकडे येतो. हिंदुस्थानच्या प्रवासी नकाशांत जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या वकिलातीतून निघालेला विल्यम बॅफिनचा १६१९ चा नकाशा पहिल्या मानाचा. आग्र्यापासून लाहोरपर्यंतचा बादशाही रस्ता त्यात दुतर्फा झाडांच्या रांगांनी दाखवला आहे. मूळ नकाशा मिळणे जवळपास अशक्य. पण डच अॅटलासकारांनी त्यावरून मोगल साम्राज्याचे नकाशे कोरले, झाडांची ती रांग त्यांत आली, आणि ते नकाशे आजही विक्रीला येतात. गोव्याचा मोठा नगरनकाशा लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या १५९६ च्या प्रवासग्रंथात आहे. लिन्सखोटेन स्वतः गोव्यात आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षे होता. गोव्यात दुकानांतून मिळणारी त्या नकाशाची छापील चित्रे बहुतेक सगळी अलीकडची. वर सांगितलेले भिंग तिथे अर्ध्या मिनिटात निकाल देते.

ईस्ट इंडिया कंपनीचा मोजणी अधिकारी जेम्स रेनेल याने १७७८ मध्ये बंगाल-बिहारच्या रस्त्यांचे वर्णनपुस्तक काढले आणि १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा. आपल्या भागासाठी मात्र मला महत्त्वाचे वाटते ते कॅप्टन जॉन क्लून्सचे पश्चिम हिंदुस्थानचे मार्गपुस्तक, कलकत्त्यात १८२६ मध्ये छापलेले. पेशवाई बुडून आठच वर्षे झाली होती आणि खंडाळ्याच्या घाटातला गाडीरस्ता अजून झाला नव्हता; तो १८३० चा. म्हणजे या पुस्तकातले मार्ग हे पायवाटांचे, बैलांच्या आणि पालख्यांच्या वाटांचे मार्ग आहेत. रूप नकाशाचे नाही, मजल-दरमजल गावांच्या याद्यांचे आहे, आणि म्हणूनच रद्दीवाल्याला ते नकाशांत मोडते असे वाटत नाही. मोडी कागदांतल्या मुक्कामांच्या याद्यांचेही तसेच. एका गावाहून दुसरे गाव इतके कोस, पुढे इतके. ओगिल्बीच्या पट्टीतून चित्र काढून टाकले तर उरते ते हेच. ज्यांच्या घरी मोडीचे रुमाल (कागदांची गाठोडी) आहेत त्यांनी अशी कोसांच्या आकड्यांची उभी यादी दिसली तर ती हिशेबाचा कागद म्हणून बाजूला टाकू नये. मोडी वाचणाऱ्याला दाखवावी.

मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियरे, १८५९ पासूनची मरेची प्रवासी मार्गदर्शके, १८९३ चा कॉन्स्टेबलचा हिंदुस्थानचा हँड अॅटलास, १९०९ चा इम्पीरियल गॅझेटियरचा अॅटलास ही पुस्तके जुन्या बाजारात अजून येतात. घेताना शेवटचा नकाशा आहे का ते आधी बघावे. घडीचा नकाशा मागच्या खिशात असतो किंवा शेवटच्या पानाला डकवलेला असतो, आणि चोरीला पहिला तोच जातो. खिसा रिकामा असेल किंवा शिवणीत कागदाची बोटभर पट्टी उरलेली असेल तर तिथला नकाशा कुणीतरी काढला आहे.

कमी पैशात खरा शोध करायचा असेल तर विसाव्या शतकातले मोटारींसाठीचे नकाशे घ्यावेत. पेट्रोल कंपन्यांनी आणि मोटारमालकांच्या संघटनांनी काढलेले घडीचे नकाशे अजून माळ्यांवर पडलेले आहेत. त्यांच्यावर साल बहुधा नसतेच. ते आतल्या मजकुरावरून काढावे लागते, आणि इथे मराठी माणसाला पुस्तक उघडायचीही गरज नाही. राज्यांच्या सीमा बघा. हैदराबाद संस्थान वा राज्य अखंड दिसते, मराठवाडा त्यात आहे, तर नकाशा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ असे सगळे पोटात घेतलेले मुंबई राज्य दिसते, तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या साडेतीन वर्षांतला. महाराष्ट्र आहे आणि गोवा मात्र पोर्तुगीज दाखवलेला आहे, तर १ मे १९६० ते डिसेंबर १९६१. असे नकाशे थोडे, आणि मला त्यांचे मोल ओगिल्बीच्या रंगवलेल्या पानापेक्षा अधिक वाटते. दक्षिणेला मद्रास राज्य असेल तर १९६९ च्या आधीचा, म्हैसूर असेल तर नोव्हेंबर १९७३ च्या आधीचा. अंतरे मैलांत की किलोमीटरमध्ये, हीसुद्धा साठच्या दशकाची खूण आहे.

सीमा जुळल्या की पाणी बघा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे, मुळशीचे १९२७ चे. जलाशय नकाशावर असतील तर नकाशा त्याआधीचा नाही. कोयनेचा शिवसागर साठच्या दशकात, पैठणचा नाथसागर १९७६ मध्ये, उजनी १९८० च्या सुमारास. रेल्वेही मदत करते. बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत १९०६ मध्ये गेली, लातूरपर्यंत १९११ मध्ये, मिरजेपर्यंत १९२७ मध्ये. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल असेल तर १९७३ किंवा पुढचा. गोवा महामार्गाला १७ क्रमांक असेल तर जुना, ६६ असेल तर २०१० नंतरचा.

मात्र यात एक नियम पाळावा. नकाशावर जे आहे त्यावरून 'याआधीचा नाही' एवढे निश्चित सांगता येते. जे नाही त्यावरून काहीच निश्चित होत नाही. वर मी जिथे 'आधीचा' म्हटले तिथेही 'बहुधा आधीचा' असेच समजावे. कंपन्या जुनाच पत्रा वर्षानुवर्षे वापरत, सीमा बदलत आणि तलाव विसरत. मुळशीचा जलाशय नसलेला पण महाराष्ट्र राज्य दाखवणारा नकाशा हाती आला तर तो नकली नव्हे, आळशी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यांवर पाहणीचे साल, प्रकाशनाचे साल आणि फेरछपाईचे साल असे निरनिराळे दिलेले असतात. तिन्ही टिपून ठेवावीत.

जतनाचे थोडक्यात, कारण आपल्या हवेत नेमके काय बिघडते ते फारसे कुणी सांगत नाही. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते, आणि ६५ च्या वर बुरशी धरते. म्हणून नकाशा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. पॉलिएस्टरचे पाकीट दोन बाजूंनी उघडे असावे. पीव्हीसीची फाइल तर नकोच, ती छपाई उचलते. आम्लरहित कागदाच्या जाकिटात आडवा, सपाट ठेवावा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, आठ-दहा सेंटिमीटर मोकळे सोडावेत. वेखंड आणि कडुनिंब ठेवायची आपली जुनी रीत चांगली, पण पुरचुंडी बांधून, कपाटाच्या कोपऱ्यात. पाला कागदावर थेट ठेवला तर त्याचा तेलकट डाग कायमचा पडतो. डांबराच्या गोळ्यांचेही तेच.

फाटले असेल तर सेलोटेप नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदाच्या पाठीपर्यंत जातो, मग टेप गळून पडते आणि डाग राहतो. पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंदही नको, तो वाळल्यावर सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ पातळ शिजवून, गाळून, जपानी तुतीच्या कागदाची पाच ते दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी हाताने फाडून, म्हणजे काठ केसाळ राहतो, मागच्या बाजूने लावावी. वर ब्लॉटिंग पेपर, त्यावर काच आणि किलोभर वजन, रात्रभर. खळ दुसऱ्या दिवसाला ठेवू नये, आंबते. पेट्रोल कंपनीचा नकाशा घडीवर तुटत असेल तर त्याची उघडझाप थांबवावी. एकदाच नीट उलगडावा, छायाचित्र काढून घ्यावे आणि पुढे तेच वापरावे. शाईने लिहिलेल्या टिपा असतील तर ओलाव्याची कोणतीही युक्ती घरी करू नये. आणि त्या टिपा खोडायला तर मुळीच जाऊ नये. 'इथे पेट्रोल नाही', 'नदीला उतार आहे, पूल नाही' असे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला नकाशा कोऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

भिंतीवर लावायचाच असेल तर काच आणि कागद यांत तीन-चार मिलिमीटर अंतर राहील असा आम्लरहित माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोनच बिजागऱ्या आणि अतिनील किरण अडवणारी काच. ऊन येणारी भिंत नको, पावसाची ओल येणारीही नको. पुण्यात हे जमते. कोकणात किनाऱ्यालगतच्या घरात मी छापील प्रत लावायला सांगेन आणि मूळ नकाशा कपाटात ठेवायला.

लेखात शेवटी 'परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवण्यासाठी उत्तम' असे म्हटले आहे. त्यावर १९७२ चा पुरावशेष कायदा बघायला हवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेली हस्तलिखिते वा दस्तऐवज असतील तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नकाशा या व्याख्येत बसतो की नाही याची शंका असेल तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा लागतो. पाहणीला ते मूळ वस्तूच मागतात, म्हणून नकाशा फ्रेममध्ये बंद करण्याआधीच अर्ज करावा. पुढच्या पुरवणीत लॅमिनेशनची दुरुस्ती छापताना हीही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नकाशासंग्राहक वाचक,
पुणे